झाडूने न निघणारा धूर

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या व्याख्यानमालेत दरवर्षी संतसाहित्य, इतिहास, नाट्यसंगीत असे विषय असतात. यंदा कार्यकारिणीने एक दिवस आमच्या नावावर टाकला आणि विषय तुम्हीच ठरवा म्हणाले. आम्ही व्याख्याते नाही, डॉक्टरही नाही. यांत्रिकी शाखेचा डिप्लोमा करून मध्य प्रदेश शासनात उपयंत्री म्हणून नोकरी करतो. खात्याच्या जीप, ट्रक, पंप आणि जनरेटर यांची देखभाल हे आमचं रोजचं काम. त्यामुळे फुप्फुसातलं आम्हाला फारसं कळत नाही, पण सायलेन्सरमधून काय बाहेर पडतं ते चांगलं कळतं. तेच लहान मुलांच्या छातीत गेल्यावर काय होतं, हे आम्ही डॉक्टरांना विचारून आणि वाचून समजून घेतलं. आजचा विषय तोच आहे: गाड्यांचा धूर आणि मुलांचा दमा.

सुरुवातीलाच एक सांगतो. आपण इंदूरकर आहोत आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. २०१७ पासून स्वच्छतेच्या यादीत इंदूरचं नाव सलग वर आहे. नागपूरचे किंवा पुण्याचे पाहुणे आले की आपण त्यांना आधी सराफा दाखवतो आणि मग रस्ते दाखवतो. २०२३ च्या स्वच्छ वायु सर्वेक्षणातही दहा लाखांवरच्या लोकवस्तीच्या शहरांत आपला पहिला क्रमांक आला. रात्री यंत्राने रस्ते झाडले जातात, कचरा जाळला जात नाही, देवगुराडियाच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार होतो आणि त्यावर शहरातल्या बस चालतात. तो प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला. सुरू झाला तेव्हा दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता होती. हे सगळं खरं आहे आणि कौतुकाचं आहे.

पण झाडू आणि यंत्र यांनी धूळ निघते, गॅस निघत नाही. हे सर्वेक्षण शहराने केलेल्या कामांना गुण देतं. आपल्या शाळेच्या फाटकाशी सकाळी पावणेआठला हवा कशी असते, हे ते मोजत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. हवेची मानकं न गाठणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत इंदूरचंही नाव आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. रस्ता चकचकीत असतो आणि त्याच रस्त्यावर मुलाला धाप लागते.

आता आमच्या प्रांतातलं सांगतो. इंजिनात इंधन जळतं तेव्हा सिलिंडरमध्ये तापमान खूप वाढतं. आपण श्वासात घेतो त्या हवेत तीन चतुर्थांशाहून जास्त नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या प्रचंड तापमानात त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात. त्यांतला नायट्रोजन डायऑक्साइड हा श्वासनलिकेला जाळणारा गॅस आहे. डिझेल इंजिनात तो जास्त बनतो, शिवाय काजळीचे अतिसूक्ष्म कण निघतात. आपल्याला दिसतो तो काळा धूर. त्रास देणारा बराचसा भाग मात्र दिसतच नाही, म्हणून ‘आमची गाडी धूर सोडत नाही’ हे वाक्य अर्धंच खरं असतं.

सरकारने यावर मोठं काम केलं आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा मानक आलं. इंधनातलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं आणि नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर शुद्ध करणारी उपकरणं आली. पण ही उपकरणं चांगली तापल्याशिवाय नीट काम करत नाहीत. थंड इंजिन सुरू करून मुलाला दोन गल्ल्या पलीकडे सोडलं, की तेवढ्या प्रवासात त्यांचा फारसा उपयोग होत नाही. आणि रस्त्यावर आज फक्त नव्या गाड्या नाहीत. जुन्या व्हॅन, मॅजिक, डिझेलचे टेम्पो अजून धावत आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी गाड्या आपल्याच मुलांना शाळेत नेतात.

धुराचा दुसरा गुण म्हणजे तो रस्त्याजवळ दाट असतो आणि दूर गेल्यावर विरळ होतो. वाहतुकीच्या धुराचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांनी २०१० मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. मोठ्या रस्त्यापासून साधारण ३०० ते ५०० मीटरचा पट्टा सर्वांत जास्त बाधित असतो आणि या धुरामुळे मुलांचा दमा बळावतो याला पुरेसा पुरावा आहे, असं त्यांनी म्हटलं. आता मनातल्या मनात आपापल्या घराचं आणि शाळेचं अंतर मोजून पाहा. पलासिया, गीता भवन, विजय नगर, राजवाडा, कुठेही पाहा, आपल्यापैकी निम्मी मंडळी तरी या पट्ट्यात सापडतील.

मोबाइलवर हवेचा आकडा हिरवा किंवा पिवळा दिसला की आपण निश्चिंत होतो. तो आकडा अनेक प्रदूषकांमधल्या त्या वेळी सर्वांत वाईट असलेल्या एकाचा असतो, आणि तोही जिथे यंत्र बसवलं आहे त्या जागेचा. धुळीचा आकडा वर असला की त्यामागे नायट्रोजन डायऑक्साइड किती आहे ते दिसत नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या डिझेल गाडीची त्या यंत्राला खबरही नसते.

आता मुलांकडे येऊ. पाच वर्षांचं मूल मिनिटाला वीस-पंचवीस श्वास घेतं, मोठा माणूस बारा ते वीस. वजनाच्या मानाने मूल आपल्यापेक्षा बरीच जास्त हवा आत ओढतं. त्याची फुप्फुसं अजून वाढत असतात. आणि त्याची उंची पाहा. आपण फाटकाशी उभे राहून गप्पा मारतो तेव्हा आपलं नाक सायलेन्सरच्या बरंच वर असतं, मुलाचं नाक त्याच्या जवळ असतं. दम्यात श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला सूज येते, भोवतालचे स्नायू आवळले जातात, चिकट कफ साठतो आणि नळी अरुंद होते. आमच्या भाषेत सांगायचं तर एअर फिल्टर चोंदलेल्या इंजिनासारखी छातीची अवस्था होते. हवा आत जाते, पण बाहेर पडताना शिट्टी वाजते.

सगळा दमा धुरामुळेच होतो असं आम्ही म्हणणार नाही. आनुवंशिकता असते, गादीतल्या धुळीतले किडे असतात, पावसाळ्यातली ओल आणि सर्दी-पडसं असतं, घरातली विडी-सिगारेट असते, डासांची कॉइल असते. बंद खोलीत आपण धूप आणि अगरबत्त्या लावतो, त्यांचाही वाटा असतो. पण गाड्यांचा वाटा किती, याचा अंदाज संशोधकांनी काढला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार नायट्रोजन डायऑक्साइडमुळे वर्षाला सुमारे ४० लाख मुलांना नव्याने दमा जडतो. मुलांच्या एकूण नव्या दम्यात हे प्रमाण १३ टक्के होतं. देशांच्या यादीत चीन पहिला आणि भारत दुसरा. आपल्याकडे हा आकडा वर्षाला सुमारे साडेतीन लाख होता. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. यांतली ९२ टक्के मुलं अशा ठिकाणी राहत होती जिथे हा गॅस त्या वेळच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या आत होता. ती मर्यादा वर्षाच्या सरासरीने घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम होती. संघटनेने २०२१ मध्ये ती १० वर आणली. आपल्या देशाचं मानक २००९ पासून ४० च आहे. म्हणजे कागदावर मर्यादेच्या आत असणं आणि मुलाच्या छातीला बरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आकडे विसरले जातात, म्हणून एका मुलीबद्दल सांगतो. लंडनच्या लुईशॅम भागात एला अडू-किसी-डेब्रा नावाची मुलगी राहत होती. तिचं घर साउथ सर्क्युलर या वर्दळीच्या रस्त्यापासून अवघ्या २५-३० मीटरवर होतं. तिला तीव्र दमा होता. तीन वर्षांत तिला पंचवीसहून जास्त वेळा रुग्णालयात न्यावं लागलं. १५ फेब्रुवारी २०१३ ला, वयाच्या नवव्या वर्षी, ती गेली. मृत्यूचं कारण म्हणून आधी श्वसन बंद पडणं एवढंच नोंदवलं गेलं. तिची आई शिक्षिका. ती माउली थांबली नाही. तिने पुन्हा चौकशी करायला लावली आणि १६ डिसेंबर २०२० ला चौकशी अधिकाऱ्यांनी निर्णय दिला की एलाच्या मृत्यूला हवेच्या प्रदूषणाचा हातभार लागला. ब्रिटनमध्ये एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूच्या कारणात हे अशा प्रकारे प्रथमच लिहिलं गेलं. त्याच निर्णयात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. हवेच्या प्रदूषणाने दमा बळावतो ही माहिती आईला दिली गेली नव्हती. ती मिळाली असती तर तिला काही पावलं उचलता आली असती.

लंडनची गोष्ट इंदूरच्या मांडवात का सांगतो? आमचा मुद्दा त्या शेवटच्या नोंदीत आहे. त्या माउलीला कुणी सांगितलं नाही. निदान आपल्या मंडळातल्या आयांना ‘आम्हाला कुणी सांगितलं नाही’ असं म्हणावं लागू नये.

आपल्या घरांत काय होतं ते आपण सगळे जाणतो. मूल रात्री खोकतं, धावल्यावर खोकतं, खदखदून हसलं तरी खोकतं. आजी म्हणतात, थंड खाल्लं. बाबा म्हणतात, हवामान बदललं. महिन्यातून दोनदा खोकल्याचं औषध येतं. डॉक्टरांनी ‘बाळदमा’ हा शब्द उच्चारला की आपण डॉक्टर बदलतो. मुलगी असेल तर कुजबुज जास्त. दमा म्हणू नका, पुढे स्थळं बघताना अडचण येईल, ‘ॲलर्जी’ म्हणा. आणि पंप? पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय, म्हणून तो कपाटात मागे ढकलला जातो.

मंडळी, या लपवालपवीची किंमत मोठी आहे. जगातल्या दम्याच्या रुग्णांत भारताचा वाटा साधारण १३ टक्के आहे, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत तो ४० टक्क्यांहून जास्त आहे. रोग ओळखायला उशीर होतो आणि ओळखल्यावरही नियमित औषध घेतलं जात नाही, ही त्यामागची मोठी कारणं आहेत. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं ते असं. पंप साधारण दोन प्रकारचे असतात. एक दम लागल्यावर लगेच आराम देणारा, दुसरा आतली सूज कमी ठेवण्यासाठी रोज घ्यायचा. दम लागत नाही म्हणून रोजचा पंप आपल्या मनाने बंद करायचा नाही. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनलिकेत जातं. तेच गोळीतून घेतलं तर मात्रा मिलिग्रॅममध्ये जाते आणि साऱ्या शरीरात फिरते. लहान मुलांना पंप स्पेसरमधून द्यायचा. चश्म्याची सवय लागते म्हणून आपण मुलाला चश्मा नाकारत नाही, पंपाकडेही तसंच पाहा. आणि मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर कुणाचा सल्ला विचारत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

आता पावसाळा सरत आला आहे. पावसाने हवा धुतली जाते, म्हणून या दिवसांत धुराचा त्रास कमी जाणवतो. पण दिवाळीपासून थंडी पडते, जमिनीजवळ थंड हवेचा थर बसतो आणि धूर वर न जाता खालीच साचतो. ज्यांच्या मुलांना त्रास आहे त्यांनी थंडीची वाट न पाहता याच महिन्यात डॉक्टरांना भेटावं.

यावर उपाय आहे का? आहे, आणि तो सिद्ध झालेला आहे. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियामध्ये १९९३ पासून मुलांच्या अनेक पिढ्यांचा अभ्यास झाला. तिथे गाड्यांचे नियम कडक झाले आणि हवा हळूहळू सुधारली. नऊ गावांतल्या ४,१४० मुलांची माहिती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या ठिकाणी नायट्रोजन डायऑक्साइड कमी झाला तिथे नव्याने दमा जडणाऱ्या मुलांचं प्रमाणही घटलं. लंडनमध्ये शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी शाळेसमोरचा रस्ता गाड्यांना बंद करण्याचा प्रयोग झाला. सकाळच्या त्या वेळेत हा गॅस २३ टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं आढळलं. त्यासाठी कारखाना लागला नाही, कोट्यवधी रुपये लागले नाहीत. रस्ता तासभर बंद करायला लागला.

आपणही हे करू शकतो याची झलक इंदूरने दाखवली आहे. २२ सप्टेंबर २०२३ ला, ऐन गणेशोत्सवात, शहरात ‘नो कार डे’ पाळला गेला. अधिकारी सायकलवर आणि बसने कचेरीत गेले. एका दिवसाने हवा कायमची बदलत नाही. पण ठरवलं तर गाडी घरी ठेवता येते, एवढं सगळ्यांना कळलं.

सरकारी नोकर असल्याने शासनाने काय करावं हे या व्यासपीठावरून सांगणं आम्हाला शोभत नाही. आपण काय करावं ते मात्र सांगता येईल. चार गोष्टी मांडतो.

पहिली, शाळेच्या फाटकाची. मुलाला सोडायला गेल्यावर इंजिन बंद करा. अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर चावी फिरवायला काय हरकत आहे? एसीसाठी इंजिन चालू ठेवून रांगेत बसू नका. जमेल तर गाडी शंभर पावलं अलीकडे थांबवा आणि मुलाचा हात धरून चालत जा, शक्यतो आतल्या गल्लीतून. चार घरची मुलं एका सोसायटीतून एकाच शाळेत जात असतील तर चार गाड्या कशाला? आपल्या मंडळातले बरेच पालक शाळांच्या पालक समित्यांवर आहेत. फाटकापासून काही अंतर गाडीमुक्त ठेवावं, असं पत्र मंडळाच्या वतीने शाळांना जावं अशी आमची सूचना आहे. मसुदा आम्ही लिहून देऊ.

दुसरी, व्हॅन आणि रिक्षाची. भाडं ठरवताना आपण घासाघीस करतो, पण गाडीचं प्रदूषण प्रमाणपत्र मागत नाही. ते मागा. त्याची मुदत पाहा. ते नसेल तर कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, हे चालकालाही माहीत असतं. आपल्या स्वतःच्या गाडीचंही पाहा. एअर फिल्टर आणि टायरमधली हवा या साध्या गोष्टी वेळच्या वेळी केल्या तर इंधनही वाचतं. आणि आपल्या गाडीत मुलं असताना सिग्नलला पुढे ट्रक किंवा बस असेल तर काचा वर घ्या आणि हवा आतल्या आत फिरेल असं बटण लावा. गाडीच्या आत बसलं म्हणजे धुरापासून सुटलो असं नसतं.

तिसरी गोष्ट थोडी जिव्हाळ्याची आहे, राग मानू नये. आपल्या मांडवातली. चित्रकला स्पर्धा दरवर्षी पुढच्या अंगणात होते. त्या अंगणाला लागून रस्ता आहे आणि बाजूला गाड्या लागतात. ती मागच्या सभागृहात घेता येईल. वीज गेली तर म्हणून भाड्याने आणलेला डिझेल जनरेटर आपण मांडवाच्या कडेला ठेवतो, म्हणजे नेमका मुलांच्या रांगेजवळ. अशा जुन्या जनरेटरला धूर शुद्ध करणारं काहीही बसवलेलं नसतं. तो वाऱ्याची दिशा पाहून दूर ठेवावा, आणि पुढच्या वर्षी तात्पुरत्या वीजजोडणीचा अर्ज वेळेत करावा. अर्जाचं काम आमच्याकडे द्या, कागदांत आमचं आयुष्य गेलं आहे.

चौथी, अनंत चतुर्दशीची. चल समारोह ही इंदूरची शान आहे. गिरण्या बंद पडून वर्षं लोटली, पण कामगारांनी झांक्या बंद पडू दिल्या नाहीत. त्या पाहायला मुलांना न्यायलाच हवं. फक्त ज्याला दमा आहे त्याला फुटपाथच्या कडेला, झांकी ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या आणि तिच्या जनरेटरच्या तोंडाशी रात्रभर बसवू नका. कुणा नातेवाइकाच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दाखवा. खिशात त्याचा पंप असू द्या, आणि तो लपवून नको, मुलाला हाताशी येईल असा.

एक शेवटचं. या मांडवात आज जी मुलं आहेत त्यांतल्या काहींना दमा आहे. त्यांना तो आहे म्हणून ती कमकुवत नाहीत. औषध नीट घेतलं तर ती धावतील, लेझीम खेळतील, ढोल वाजवतील. त्यांच्या छातीतली सूज उतरवण्याचं काम डॉक्टरांचं आहे. त्यांच्या नाकासमोरचा धूर कमी करण्याचं काम आपलं आहे. इंदूरने कचरा वेगळा करायला शिकून दाखवलं, तेव्हा हे जमणार नाही असंही खूप जण म्हणाले होते. मग फाटकाशी उभं राहून चावी फिरवणं आपल्याला अवघड का जावं?

वरील चार सूचना कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत चर्चेला घ्याव्यात अशी विनंती करून आमचं बोलणं संपवतो. 

गणपती बाप्पा मोरया!